मोटारसायकलचे ऑइल : आकडा पाहता, छापही पाहा

जालना जिल्ह्यात कापडाची फेरी आज मोटारसायकलवर चालते. अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद या बाजूंच्या आठवडी बाजारांना जाणारे आपले बांधव मागच्या सीटवर दोन माणसांच्या वजनाचा गठ्ठा बांधून पहाटे निघतात. गाडी रस्त्यात बसली की बाजार बुडाला, आणि बाजार बुडाला की उधारीचा हप्ताही बुडाला. एवढे असूनही ताग्याची किनार दहा वेळा बोटाने चाचपणारा माणूस ऑइलच्या दुकानात जाऊन फक्त "एक लिटर ऑइल द्या" म्हणतो. या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हास वाटले ते यामुळेच.

चेतक, एम-८०, आरएक्स-१०० यांच्या जमान्यात पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि हळूहळू फोरस्ट्रोक गाड्यांनी बाजार व्यापला. या गाड्यांत एकच ऑइल तीन कामे करते. इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही त्याच ऑइलवर चालतात. कारचा क्लच सहसा कोरडा असतो, ऑइलपासून दूर. मोटारसायकलचा क्लच मात्र ऑइलमध्ये भिजलेला असतो, म्हणून त्यास वेट क्लच म्हणतात. त्यात एक फायबरची प्लेट, एक लोखंडी प्लेट अशी थप्पी असते आणि स्प्रिंगा ती दाबून धरतात. ऑइल या प्लेटांना थंड ठेवते, पण त्या एकमेकींना घट्ट पकडतील इतके घर्षणही त्यात राहावे लागते.

खरी गोम इथेच आहे. कारच्या अनेक नव्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी रसायने घातलेली असतात. कारला ती फायद्याची आहेत. तेच ऑइल मोटारसायकलमध्ये ओतले तर प्लेटा निसटू लागतात. इंजिन ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. रिकाम्या गाडीला हे चटकन जाणवत नाही. गठ्ठा बांधून चढ लागला की जाणवते. आमच्या ओळखीच्या एका फेरीवाल्याने कारचे उरलेले ऑइल स्वस्तात मिळाले म्हणून भरले. रमजान ईदच्या आधीच्या आठवड्यात प्लेटा जळाल्या. प्लेटांचा आणि मजुरीचा खर्च झालाच, पण वर्षाचा सर्वांत मोठा बाजार गेला त्याचा हिशेब कोण भरून देणार?

तेव्हा डबा उलटा करून मागची बाजू वाचावी. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हे आकडे पातळ-जाडपणाचे आहेत. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. क्लचविषयी हे आकडे काहीच सांगत नाहीत. त्यासाठी जपानच्या वाहन मानक संस्थेचा 'जासो' हा छाप आहे. दुचाकीच्या ऑइलचे हे मानक १९९८ साली आले. त्यात 'एमए' हा शेरा भिजलेल्या क्लचसाठी असतो, 'एमए२' म्हणजे त्यातही जास्त पकड देणारे. 'एमबी' हे कमी घर्षणाचे. अ‍ॅक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्यामुळे तिला ते चालते. कारच्या डब्यावर गोल छापाच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा पूर्वीचे 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असे इंग्रजीत लिहिलेले असेल, तर तो डबा मोटारसायकलसाठी परत ठेवावा.

जाडपणाच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा मानावा. स्प्लेंडरसाठी १०डब्ल्यू-३० सांगितले आहे. बजाजच्या कित्येक गाड्यांना वर्षानुवर्षे २०डब्ल्यू-५० सांगितले जात होते. "आपल्याकडे मे महिन्यात ऊन चाळीसच्या वर जाते, जाडच घाला" असा सल्ला गॅरेजवर सर्रास मिळतो. सल्ला देणाऱ्याची नियत चांगली असते, पण इंजिनातील फटी कंपनीने मोजून ठेवलेल्या असतात. एखाद्या मॉडेलच्या पुस्तिकेत एमएऐवजी दुसराच शेरा असेल तर तोच पाळावा.

ट्रॅक्टरचे ऑइल घालणारेही खेड्यात पुष्कळ आहेत. घरात पाच लिटरचा डबा असतो, त्यातलेच लिटरभर. त्याने क्लच लगेच जळेलच असे नाही. परंतु ज्या डब्यावर जासोचा छाप नाही त्याच्या क्लचवरील वागणुकीची हमी कोणी दिलेली नाही, आणि लिटरमागे वाचणारे पैसे प्लेटांच्या किमतीपुढे किरकोळ आहेत.

क्लच निसटतो म्हणून सारा दोष ऑइलवर टाकणेही बरोबर नाही. आधी लिव्हरला थोडा मोकळा खेळ आहे का ते पाहावे. केबल ताणलेली असेल तर चांगल्या ऑइलमध्येही प्लेटा झिजतात. बाजाराच्या गर्दीत अर्धा क्लच दाबून गठ्ठ्यासह गाडी रेटण्याची सवय तर प्लेटांची दुश्मनच. चुकीचे ऑइल पडलेच असेल तर ते ताबडतोब काढून योग्य भरावे आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे. प्लेटा जळाल्या नसतील तर पकड परत येऊ शकते. लोखंडी प्लेट निळी पडली असेल तर मात्र ती बदलावीच लागते.

आता दुकानदार आणि मिस्त्री बंधूंना एक विनंती. गाळून साफ केलेले जुने ऑइल नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकण्याचा धंदा देशात ठिकठिकाणी चालतो. त्याला लागणारे रिकामे डबे गॅरेजमधूनच जातात. डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोक पाडावे, दोन सेकंदांचे काम आहे. ग्राहकानेही झाकणाचे सील आणि तारीख पाहून, पक्के बिल मागून घ्यावे आणि डबा आपल्या डोळ्यांसमोर फोडून घ्यावा. निघालेले काळे ऑइल नालीत न सोडता कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. मिस्त्रीच्या गल्ल्यात त्याचेही चार पैसे येतात.