भावना दुखावल्या की २९५ अ!

मार्च २०१२ ची गोष्ट. विलेपार्ल्याच्या इर्ला भागात वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांची रीघ लागली. लोक ते पाणी तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेवर जाऊन पाहणी केली. जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून चढून क्रूसापर्यंत पोहोचते, असे त्यांनी सांगितले. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत चर्चवरही टीका केली. मग काही कॅथलिक संघटनांनी पोलीस ठाण्यांत तक्रारी दिल्या. भारतीय दंड संहितेचे कलम २९५ अ, दखलपात्र आणि अजामीनपात्र! त्याच वर्षी एडामारुकूंना देश सोडून फिनलंड गाठावे लागले. जिथे प्लंबर बोलवायचा, तिथे पोलीस बोलावले गेले!

कुणी म्हणेल, अल्पसंख्य ख्रिस्ती बांधवांवर आपण का बोलावे? २००८ साली कंधमालमध्ये चर्च जळाली तेव्हा आमची सहानुभूती कुणाकडे होती, हे सांगायला नको. फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणात कैदेत असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात गेले. ते जेजुइट धर्मगुरू होते, आदिवासींचे होते, आमचेही होते. ख्रिस्ती माणसाच्या उपासनेच्या हक्कासाठी आम्ही त्याच्या बाजूला उभे राहू. पण चमत्काराची चिकित्सा करणाऱ्याला तुरुंगाची भीती घालणे हा उपासनेचा हक्क नव्हे. संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते. कलम ५१ अ वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवते. कर्तव्य बजावणारा आरोपी कसा?

२९५ अ हे कलम इंग्रजांनी १९२७ साली आणले. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या धर्माच्या अपमानापुरतेच. व्यवहारात मात्र हेतू तपासण्याआधीच माणूस पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतो. खटला हीच शिक्षा होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. पण तेच कलम आता २९९ क्रमांकाने जिवंत आहे.

हे शस्त्र कुणावर फिरते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली शासनाने प्रसिद्ध केले, तेव्हाही 'भावना दुखावल्या' हीच आरोळी होती. ग्रंथातील प्रकरण वगळण्याची मागणी झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत लाखो भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर उतरले म्हणून ते प्रकरण वाचले. त्या दिवशी आम्ही चिकित्सेचा हक्क मागितला. तो हक्क फक्त आमच्यापुरता होता काय?

म्हणून प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. उद्या आपल्याच विहारात मूर्तीतून पाणी झिरपले आणि कुणी गटार दाखवले, तर आपण काय करू? आपल्या नेत्यावर, ग्रंथावर कुणी टीका केली, तर आपणही तक्रारीचा अर्ज घेऊन धावणार काय? कालाम लोकांना तथागतांनी सांगितले ते तपासून पाहायला; तक्रार नोंदवायला नव्हे. जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. तो माणसाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करतो. श्रद्धेला प्रश्नांपासून वाचवणारा कायदा मात्र शेवटी प्रश्न विचारणाऱ्यांच्याच मुळावर येतो. आणि या देशात सर्वांत जास्त प्रश्न आपल्यालाच विचारायचे आहेत.