आधी ओळख, मग माया

लेखमाला : मूल आणि मुकी जनावरं – लेखांक ४

आठवडी बाजारात किंवा जत्रेत एका टोपलीभोवती मुलांची गर्दी हमखास असते. टोपलीत कोंबडीची पिल्लं असतात, गुलाबी, हिरवी, जांभळी. मूल हट्ट करतं, दहा-वीस रुपयांचा तर प्रश्न म्हणून आई-बाप एक घेऊन देतात. घरी बुटांच्या खोक्यात चिंधी अंथरली जाते, दाणे टाकले जातात, शेजारची पोरं बघायला येतात. दोन दिवस पिल्लू घरभर चिवचिवतं. तिसऱ्या दिवशी मान टाकतं. मूल रडतं, मोठी माणसं म्हणतात, “नाजूकच असतात गं ती.”

ती नाजूक असतात हे अर्धंच खरं. अंड्यांसाठी पाळायच्या जातीची पिल्लं उबवणी केंद्रात जन्मली की नर आणि माद्या वेगळ्या काढतात. नर अंडी देणार नाही आणि ब्रॉयलरसारखा पटकन मांसही धरणार नाही, म्हणजे धंद्याच्या हिशेबात तो निरुपयोगी. बहुतेक नर तिथेच मारले जातात, काही टोपलीवाल्याला मातीमोल भावात मिळतात आणि रंगात बुडवून बाजारात येतात. अंड्यातला उरलासुरला बलक पिल्लाच्या पोटात असतो. त्यावर ते पहिले दोन-तीन दिवस काही न खाता तग धरतं, म्हणूनच हा व्यापार चालतो. ती शिदोरी संपते साधारण आपल्या घरी आल्यावर. शिवाय पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते. ती एरवी कोंबडीच्या पंखाखाली मिळते, चिंधीत मिळत नाही. त्यात दिवसभर या हातातून त्या हातात.

आता सांगा, त्या मुलात दया कमी होती का? उलट, ओसंडून वाहत होती. कमी होती ती माहिती, आणि ती द्यायचं काम आपलं होतं. गेल्या लेखांकात आपण प्राण्यांना घाबरणाऱ्या मुलांविषयी बोललो. आजचा विषय प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या मुलांचा आहे आणि माझ्या मते तो जास्त अवघड आहे. प्राण्यांना मुलांकडून होणारा बराचसा त्रास लाडातून होतो. उचलणं, आवळणं, झोपेतून उठवणं, तोंडात काहीबाही कोंबणं हे सगळं मायेनंच चालतं. ‘प्राण्यांवर दया करा’ हे वाक्य अशा मुलाच्या काहीच कामाचं नाही, कारण आपण दयाच करतोय याची त्याला खात्री असते.

कुत्र्याचंच घ्या. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे निरनिराळे चेहरे आणि हावभाव दाखवून पाहिले. दात विचकून गुरगुरणारं कुत्रं अनेक छोट्या मुलांना ‘हसणारं’, ‘खूश’ वाटलं. विचार केला तर यात नवल नाही. माणसाचे दात दिसले की माणूस हसतोय, एवढंच त्या मुलानं आजवर पाहिलेलं असतं. मग ‘हसणाऱ्या’ कुत्र्याजवळ ते तोंड नेतं, आणि लहान मुलांना चावा बसतो तो बरेचदा चेहऱ्यावर, मानेवर. चावणारं कुत्रंही पुष्कळदा ओळखीचंच असतं, घरातलं नाहीतर शेजारचं.

दिलासा एवढाच की हे शिकवता येतं. चावण्याच्या आधी कुत्रं बरंच काही सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई देतं. समोर खाणं नसताना पुन्हा पुन्हा नाक चाटतं. तोंड फिरवतं, पण डोळा आपल्यावरच ठेवतं, त्यामुळे डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. अंग ताठ होतं, शेपूट पायांत जाते. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश, हा मोठ्यांचाही लाडका गैरसमज आहे. ताठ अंगाचं, उंच धरलेली शेपूट झटक्याझटक्यानं हलवणारं कुत्रं खूश नसतं. सोसायटीच्या फाटकाशी पहुडलेल्या कुत्र्याकडे दहा पावलांवरून पाहत बसा आणि मुलाला विचारा, “आत्ता ते काय म्हणतंय?” या खेळाला पैसे पडत नाहीत आणि मुलं त्यात आपल्यापेक्षा लवकर तरबेज होतात. घरचं कुत्रं गुरगुरलं की त्याला फटका देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. गुरगुरणं हा इशारा आहे. इशाऱ्याला मार बसतो हे कळलेलं कुत्रं पुढच्या वेळी थेट चावतं.

नियम मोजकेच सांगावेत. खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ आणि पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. अनोळखी कुत्रं अंगावर धावून आलं तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात अंगाशी घेऊन, नजर जमिनीकडे ठेवून झाडासारखं उभं राहायचं. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, जरूर सांगावी. फक्त ते नामदेव होते, हेही लगोलग सांगावं.

आणि दात किंवा नख लागलंच तर घरी लगेच सांगायचं. ‘कशाला गेला होतास तिकडे’ म्हणून ओरडा बसेल या धास्तीनं मुलं ओरखडा लपवतात आणि रेबीजच्या बाबतीत ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते. एकदा लक्षणं दिसू लागली की हा आजार जवळजवळ कधीच बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या लोकांत ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, अगदी घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करायचे. जखम खोल असेल तर लशीसोबत जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याविषयी आपण होऊन विचारावं. प्राण्यांविषयीच्या मायेच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण ज्या घरात एका मुलाला कुत्रं चावलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली, त्या घरात पुढची दहा वर्षं कुत्र्यांना दगडच मिळतात.

उन्हाळ्यात आणखी एक प्रसंग ठरलेला. बुलबुलाचं किंवा साळुंकीचं पिल्लू खाली पडलेलं सापडतं आणि मुलं ते ओंजळीत घेऊन येतात. घरात धावपळ होते, कापूस येतो, दूध येतं, पावाचे तुकडे येतात. दूध पक्ष्यांना पचत नाही. जबरदस्तीनं चोचीत थेंब सोडले तर ते श्वासनलिकेत जातात. पिल्लाच्या अंगावर पिसं आलेली असतील आणि ते टुणटुणत असेल, तर ते बहुधा पडलेलं नाहीच. उडायला शिकताना पिल्लं काही दिवस जमिनीवर, झुडपात काढतात आणि आई-बाप तिथे येऊन भरवत असतात. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपाच्या फांदीवर ठेवून द्यायचं आणि लांब जाऊन पाहायचं. उघडंबोडकं, पिसं न आलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताशी असेल तर परत घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं आपल्या आज्यांनी सांगितलंय. ते खरं नाही. मात्र माणसांचा घोळका तिथे उभा राहिला तर आई येत नाही. म्हणून या प्रसंगातलं सगळ्यात अवघड काम लांब जाऊन गप्प बसण्याचं असतं. आठ वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं तसं बसवून दाखवा, मग दयेवर निबंध लिहून घेतला नाही तरी चालेल.

आता दुसऱ्या टोकाकडे. मांजराच्या शेपटीला डबा बांधणारं, सरड्याला दोरी लावून फिरवणारं, कुत्रीच्या पिल्लांवर दगड मारणारं मूल. इंग्रज विचारवंत जॉन लॉक यानं १६९३ साली शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यात मुलांच्या या सवयीकडे पालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं असं बजावलं होतं. लहान जिवांना छळण्याची सवय पुढे माणसांविषयीही मन निबर करते, असा त्याचा मुद्दा. त्यानं एका आईचं उदाहरण दिलंय. ती मुलींना कुत्री, खारी, पक्षी पाळायला द्यायची, पण त्यांच्या खाण्यापिण्याची सगळी जबाबदारी मुलींवरच टाकायची. हयगय झाली की बोलणी बसत. सव्वातीनशे वर्षांत यापेक्षा सरस उपाय फारसा कुणी सांगितलेला नाही.

तरी दगड मारणारं प्रत्येक मूल क्रूर ठरवायची घाई नको. चार-पाच वर्षांचं मूल मुंगळ्याचा पाय तोडतं ते बहुधा ‘आता काय होईल’ म्हणून. दहा वर्षांचा मुलगा टोळक्यात दगड मारतो तो टोळक्याला दाखवायला, एकटा असताना त्याच कुत्र्याला बिस्किट घालतो. आणि पुष्कळ मुलं फक्त नक्कल करतात. रिक्षास्टँडवर, दुकानासमोर, स्वतःच्या घराच्या ओट्यावर मोठ्यांनी कुत्र्याला लाथ घातलेली त्यांनी पाहिलेली असते. अशा वेळी थांबवायचं, कारण सांगायचं आणि त्याच प्राण्याचं काहीतरी काम त्याच्यावर सोपवायचं. उन्हात ठेवलेलं पाण्याचं भांडं रोज घासून भरणं हेही काम आहे. पाणी नुसतं साचू दिलं तर आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. मोठं मूल पुन्हा पुन्हा, एकट्यानं, लपूनछपून जनावराला इजा करतं, त्याच्या ओरडण्यात त्याला गंमत वाटते, असं दिसलं तर ओरडून किंवा मारून भागणार नाही. समुपदेशकाकडे न्या. आणि आधी स्वतःला विचारा, या मुलाला घरात, शाळेत, गल्लीत कुणी मारतंय का? जनावराला मारणारं मूल पुष्कळदा स्वतः मार खाणारं असतं.

शेतकऱ्याच्या घरात हे शिक्षण निराळ्या रीतीनं व्हायचं, अजूनही काही ठिकाणी होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळायचा आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. घरातलं पोर त्या खांद्यावर हात फिरवतं तेव्हा जू बसून झालेला जाड घट्टा त्याच्या बोटांना लागतो. कुठे हात लावल्यावर बैल कातडी थरथरवतो, कुठे मान खाली घालून स्वस्थ उभा राहतो, हे त्याला कळतं. कुणी ‘दया’ हा शब्द उच्चारत नाही. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि खाऊ-पैशांचा बोजारा मिळवतात. उत्सव गोड आहे, हौसेनं करावा. पण शहरात हल्ली बैलाची उंची आणि सजावट यांचीच स्पर्धा दिसते. लाकडी बैलाचा खांदा दुखत नाही. खऱ्या बैलाचा दुखतो हे मुलाला कुणीतरी वेगळं सांगायला हवं.

सांगायला साधन आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही, टोकाला आर लावलेली काठी वापरायची नाही. नियमांमागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. तो व्हावा म्हणून नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झगडल्या होत्या. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे रंगीत पिल्लाच्या किमतीच्या आसपास. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर चढाला गुडघे टेकणारे बैल दिसतात, तेव्हा मुलं गाडीच्या काचेतून विचारतात, “त्याला एवढं का लादलंय?” त्या वेळी गाडीवानाला शिव्या घालून मोकळं होऊ नका. टनावर पैसे मिळतात, उचल फेडायची असते, म्हणून गाडी जास्त भरली जाते, हेही सांगा. बैल आणि ऊसतोड कामगार एकाच ओझ्याखाली आहेत हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

एक प्रश्न मात्र मुलं हटकून विचारतात आणि आपण हटकून टाळतो. रविवारी रस्सा वाढताना पोर म्हणतं, “कुत्र्याला मारायचं नाही, मग कोंबडीला चालतं?” उडवाउडवी करू नका. हो, हे मांस त्याच कोंबडीचं आहे, म्हणून सांगा. खाणारी माणसं आहेत, न खाणारी आहेत, आपण खातो. खात असलो तरी जनावर जगताना आणि मरताना हाल होऊ नयेत असं म्हणायचा अधिकार आपल्याला उरतोच. ‘मी खाणार नाही’ असं मूल म्हणालं तर हसू नका, आग्रहही करू नका. पंधरा दिवसांत ते परत खाईल किंवा खाणार नाही.

सगळ्यात कठीण घरी पाळलेल्या बोकडाचं. जत्रेसाठी किंवा बकरी ईदसाठी आणलेल्या बोकडाला मुलं पाला घालतात, नाव ठेवतात, गळ्यात हात टाकून झोपतात. मग एक दिवस दावं रिकामं दिसतं आणि मोठी माणसं ‘मामाच्या गावाला गेला’ असं सांगतात. मुलांना ते खरं वाटत नाही, संध्याकाळी ताट समोर आल्यावर तर नाहीच. बोकड दारात येईल त्याच दिवशी तो कशासाठी आणलाय ते सांगून टाका. मूल रडेल, रडू द्या. ठरलेल्या दिवशी घरी थांबायचं की आजीकडे जायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या, आणि ताटावर बसायचं की नाही हेसुद्धा.

(पुढच्या आठवड्यात : घरात कुत्रं किंवा मांजर आणण्याआधी मुलाला आणि स्वतःला विचारायचे प्रश्न)