सव्वीसाचे छत्तीस

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा त्याच्या पदरात २६ जिल्हे आले. मुंबई धरून कोकणात चार, विदर्भात आठ, मराठवाड्यात पाच आणि पुण्यापासून खानदेशापर्यंतच्या पट्ट्यात नऊ. यांतला एकही नव्या राज्याने आखलेला नव्हता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१८ साली मुलूख कलेक्टरांच्या हवाली केला: पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज. आज राजकारणात एवढं वजन असलेला नाशिक त्या यादीत नव्हता. नगर आणि खानदेशातले तालुके काढून तो १८६९ साली केला. खानदेश १९०६ साली पूर्व-पश्चिम असा दुभंगला, त्याचे पुढे जळगाव आणि धुळे झाले. संस्थानं विलीन झाली तेव्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा निघाला, तोच आजचा सांगली. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, तर मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला.

या ओढाताणीत एखाद्या तालुक्याची काय गत होई, ते राजुऱ्यात दिसतं. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला. मग ध्यानात आलं, की चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, त्याला हाकेच्या अंतरावर आहे. १९५९ मध्ये तो चांद्याला दिला. माणसं जागची हलली नव्हती, कचेरी मात्र दोनदा फिरली.

राज्य झाल्यावर पहिली वीस वर्षं एकही नवा जिल्हा झाला नाही. याचं कारण माझ्या मते सरळ आहे. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्हा हेच सत्तेचं एकक होऊन बसलं. परिषदेचं अध्यक्षपद, जिल्हा मध्यवर्ती बँक, दूध संघ, सगळं जिल्ह्यावर मोजलं जाऊ लागलं. अशा भरल्या घराची वाटणी कोणता कर्ता माणूस आपण होऊन मागेल?

कोंडी फुटली ती मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात. १ मे १९८१ रोजी एकाच दिवशी दोन जिल्हे झाले, सिंधुदुर्ग आणि जालना. जालन्यासाठी औरंगाबादचे तालुके घेतले आणि परभणीचं परतूर जोडलं. सिंधुदुर्गाची कथा अधिक रंजक आहे. रत्नागिरी जिल्हा इतका लांबलचक, की सावंतवाडीकडच्या माणसाचा एका दाखल्यापायी दिवस जाई. जिल्हा झाला, पण मुख्यालय सावंतवाडीला नाही, कुडाळला नाही, कणकवलीलाही नाही. ते गेलं महामार्गालगतच्या ओरोसला, आणि तिथे सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. एका गावाला दिलं तर बाकीची रुसणार, हा हिशेब त्यात नव्हता असं कोण म्हणेल?

१९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. लातूरची पुढची भरभराट सगळे सांगतात. गडचिरोलीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. तेलंगणाच्या सीमेवर, गोदावरी-प्राणहितेच्या काठी असलेलं सिरोंचा इंग्रजांच्या काळात ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचं मुख्यालय होतं. तो जिल्हा १८७४ मध्ये मोडून सिरोंचा चांद्याला जोडलं. म्हणजे जिथे एकेकाळी जिल्ह्याची कचेरी होती, तिथल्या माणसाला पुढे शंभर वर्षं चांद्याची वाट धरावी लागली. गडचिरोली झाल्यावर तरी काय? सिरोंच्याहून गडचिरोली आजही सुमारे दोनशे किलोमीटर. अहेरी जिल्ह्याची मागणी उगाच होत नाही.

१९९० मध्ये मुंबईचं उपनगर वेगळं झालं. नंतरचे चार जिल्हे शिवसेना-भाजप युतीच्या राजवटीत झाले: १ जुलै १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार, १ मे १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया. रस्त्यात उभं राहून गाड्यांच्या पाट्या पाहिल्या तरी हे उशिराचं बारसं कळतं: गोंदिया एमएच ३५, वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९. वाशीमला नवा जिल्हा म्हणणं तसं चुकीचंच. इंग्रजी अमलात तो जिल्हा होताच, १९०५ मध्ये मोडला. ९३ वर्षांनी गेलेलं परत मिळालं, एवढंच.

शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४ चा. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांच्या वर. तो फोडणं भागच होतं. पण मुख्यालय जव्हारला हवं, ही डोंगरातल्या आदिवासी तालुक्यांची मागणी होती. कुपोषणाने मुलं दगावली ती तिकडे, आणि कचेरी गेली रेल्वेमार्गावर, पालघरला. मोखाड्याच्या माणसाला आजही पालघरपेक्षा नाशिक जवळ.

दहा नव्या जिल्ह्यांचा हिशेब मांडला तर विदर्भात तीन, मराठवाड्यात तीन, कोकणात तीन आणि खानदेशात एक. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाचांत मात्र १९६० पासून एकही भर नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या नगरचंही तेच. त्याच्या विभाजनाची चर्चा अनेक वर्षांची, पण मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला, या वादातच ती अडकली. जिथे कारखाने, बँका आणि नेते भक्कम, तिथे जिल्हा अखंड. हा योगायोग मला वाटत नाही.

पालघरनंतर जिल्ह्यांची नावं बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मालेगाव, अंबाजोगाई, उदगीर, अचलपूर, चिमूर अजून वाट पाहताहेत. यापुढे जिल्हा करायचा झालाच, तर मुख्यालय ठरवताना आधी त्या जिल्ह्याच्या शेवटच्या गावातून एसटीने निघून पाहावं. सकाळी निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळी घरी पोहोचत नसेल, तर तो जिल्हा पुढाऱ्यांसाठी केलेला आहे.