दिवा नसलेलं झुंबर

झुंबर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जुना राजवाडा, लग्नाचा एसी हॉल, नाहीतर एखाद्या पिरियड फिल्ममधलं गाणं. छताला लटकलेलं, लखलखणारं आणि दिव्यांनी भरलेलं. आता असं झुंबर इमॅजिन करा, ज्याच्या आत एकही दिवा नाही. नुसती काच. वळलेले, फुगलेले, शिंगांसारखे टोकदार असे ढीगभर तुकडे, एकमेकांत घुसलेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिरलात, की मेन एन्ट्रन्सच्या घुमटाखाली असंच एक निळं-हिरवं प्रकरण लटकताना दिसतं. प्रकाश त्याच्यावर बाहेरून पडतो. म्हणजे काय, तर हे छताला टांगलेलं शिल्प आहे.

ते ज्यांच्या नावावर आहे, त्या अमेरिकन कलाकाराचं नाव डेल चिहुली. जन्म १९४१चा. आणि खरी गंमत पुढेच आहे. हे झुंबर तिथे लागलं, तेव्हा चिहुलींनी स्वतः काच फुंकणं सोडून वीसेक वर्षं झाली होती. मग ही कला नक्की कुणाची?

फुंकणी आणि भट्टी

उत्तराआधी हे काम कसं चालतं ते बघू. चुलीजवळची फुंकणी आठवा. तशीच, पण चांगली लांब, पोलादी नळी घ्यायची. साधारण ११०० अंश सेल्सियसच्या भट्टीतून वितळलेली काच तिच्या टोकावर गुंडाळायची. पाकासारखी ओघळणारी ती काच खाली पडू नये म्हणून नळी सतत फिरवत राहायची. मग फुंकर. काच गार होऊन कडक व्हायला लागली, की पुन्हा आचेवर. एक जण फुंकतो, दुसरा आकार देतो, तिसरा दार उघडायला तयार. तयार तुकडा लगेच बाहेर ठेवला तर तडकतो, म्हणून तो वेगळ्या भट्टीत कित्येक तास हळूहळू थंड करायचा. असे ढीगभर तुकडे झाले, की पोलादी सांगाड्यावर एकेक करून तारेने बांधायचे. तेव्हा कुठे एक झुंबर होतं.

व्हेनिसचा धडा

हे एकट्याचं काम नाही, हे चिहुली १९६८ मध्ये शिकले. फुलब्राइट स्कॉलरशिपवर ते व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर, वेनिनी या काच कारखान्यात गेले होते. तिथे उस्ताद आणि त्याचे मदतनीस मिळून एक वस्तू घडवायचे. अमेरिकेत तेव्हा स्टुडिओतला काच कलाकार बहुतेक एकेकटाच काम करायचा. चिहुलींनी टीमची पद्धत घरी नेली आणि १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक ग्लास स्कूल सुरू करण्यात पुढाकार घेतला.

मग नशिबाने दणके दिले. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये कार अपघात झाला आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. १९७९ मध्ये समुद्राच्या लाटांवर खेळताना खांदा निखळला. जड नळी पेलणं अवघड झालं. करिअर संपलं? नाही. त्यांनी नळी टीमच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले, सिनेमाच्या डिरेक्टरसारखे. मोठमोठ्या कागदांवर रंगांची चित्रं काढून टीमला काय हवंय ते दाखवू लागले.

झुंबरं आली ती यानंतर. पहिलं १९९२ मध्ये, सिएटल आर्ट म्युझियममधल्या प्रदर्शनासाठी. पुढे फिनलंड, आयर्लंड आणि मेक्सिकोतल्या कारखान्यांत तिथल्या कारागिरांसोबत काच घडवली आणि १९९६ मध्ये व्हेनिसच्या कालव्यांवर, चौकांत झुंबरं उभी केली. जिथून टीमवर्क शिकले, तिथेच ते असं परत नेलं! १९९८ मध्ये लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलच्या छतावर सुमारे २,००० काचफुलं फुलली.

नाव कुणाचं?

सगळ्यांना हे पटत नाही. ज्याने फुंकर मारली त्याचं नाव नको का, असा प्रश्न विचारला जातोच. वाद कोर्टातही गेलाय. २००५ मध्ये चिहुलींनी दोन काच कलाकारांवर कॉपीराइटचा दावा ठोकला. त्यातला एक पूर्वी त्यांच्यासाठीच काच फुंकायचा. २००६ मध्ये तडजोड झाली.

मला विचाराल तर कल्पना, रंग, मांडणी ही कला आहेच. डिरेक्टर कॅमेरा धरत नाही, तरी फिल्म त्याची असते. पण फिल्मच्या शेवटी क्रेडिट्स येतात! तिथे लाइटमनचंही नाव असतं. झुंबराखालच्या पाटीवर मात्र बहुतेकदा एकच नाव. हे आपल्याला नवीन थोडीच आहे? ग्रुप प्रोजेक्टमध्ये आयडिया एकाची, रात्रभर जागून मॉडेल बनवणारे तिघे आणि प्रेझेंटेशनला टाळ्या घेणारा भलताच.

म्हणून काच फुंकतानाचा एखादा व्हिडिओ नक्की बघा. पण नजर फक्त काचेवर ठेवू नका. नळी फिरवणारे हात बघा, दाराशी थांबलेला माणूस बघा. आणि पुढच्या प्रोजेक्टची शेवटची स्लाइड बनवताना सगळ्यांची नावं टाका. कोणी काय केलं, त्यासकट.