थंडीतील क्रेन : घाई नको

गाडी चालू केली की लगेच निघायचे, ही आपल्याकडील सवय. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरतो. तेथे क्रेनच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांसाठी त्याची कारणे आम्ही थोडक्यात देत आहोत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. गार पडलेले इंजिन ती उष्णता शोषून घेते. शिवाय बॅटरीची ताकद घटते, ऑइल घट्ट होते आणि साध्या डिझेलमध्ये मेण धरून फिल्टर तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले.

मात्र इंजिन चालू झाले म्हणजे क्रेन तयार झाली, असे नव्हे. भार उचलते ते हायड्रॉलिक ऑइल. ते घट्ट असताना पंपाला पुरेसे मिळत नाही. पंप झिजतो, क्रेनच्या हालचाली उशिरा व झटक्याने होतात. म्हणून प्रथम भार न लावता बूम, हूक, फिरणे अशी प्रत्येक हालचाल सावकाश करून ऑइल गरम होऊ द्यावे. वायररोपवरील बर्फ काढावा. जमिनीला गोठून चिकटलेला भार आधी सुटा करावा. अतिथंडीत पोलाद ठिसूळ होते. झटका देऊ नये. उत्पादकाच्या पुस्तिकेतील तापमानाची मर्यादा पाळावी.

काम उशिरा सुरू झाले म्हणून वरिष्ठ रागावतील. परंतु भार बांधणारा कामगार क्रेनजवळच उभा असतो. त्याच्या जिवापुढे अर्धा तास काय मोठा?