अमेरिकेंतील पक्षनामें व त्यांचा अर्थभेद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जुने कागद वाचणारास ‘रिपब्लिकन’ हा शब्द वारंवार भेटतो. सन १८०० च्या एखाद्या पत्रांत तो आढळला असतां त्यावरून लिंकनच्या पक्षाचें अनुमान करणें सर्वथा चूक होय. कारण तो पक्ष १८५४ सालीं जन्मास आला. १८०० च्या सुमारास जेफर्सनचे अनुयायी स्वतःस रिपब्लिकन म्हणवीत, आणि त्यांच्याच परंपरेंतून पुढें डेमोक्रॅटिक पक्ष निघाला. हा नामभ्रम कसा उत्पन्न झाला, आणि नांव टिकून अर्थ मात्र कां पालटतो, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

१७८७ सालीं सिद्ध झालेल्या राज्यघटनेंत पक्षांचा उल्लेख नाहीं. १७९६ च्या निरोपाच्या लेखांत वॉशिंग्टननें पक्षाभिमानापासून सावध राहण्याचा उपदेश केला. परंतु त्याच्याच मंत्रिमंडळांत हॅमिल्टन व जेफर्सन यांचे दोन तट आधींच पडले होते. फ्रेनो नामक कवीनें १७९१ सालीं ‘नॅशनल गॅझेट’ हें जेफर्सनच्या बाजूचें पत्र काढलें, आणि या फ्रेनोस जेफर्सननें आपल्या खात्यांत वार्षिक २५० डॉलरांवर भाषांतरकार नेमिलें होतें. तेव्हां त्या काळचें वृत्तपत्र पुरावा म्हणून घेतांना तें कोणाच्या आश्रयावर चाले, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

हॅमिल्टनचे अनुयायी फेडरलिस्ट होत. १८१६ नंतर त्यांचा अध्यक्षपदासाठीं उमेदवार उभा राहिला नाहीं, आणि १८२४ सालीं चारही प्रमुख उमेदवार रिपब्लिकनच होते. त्या फुटींतून जॅक्सनचा डेमोक्रॅटिक पक्ष व त्याचे विरोधक व्हिग असे दोन नवे पक्ष उभे राहिले. गुलामगिरीच्या प्रश्नावर व्हिग मोडले, व कॅन्सस-नेब्रास्का कायद्याच्या विरोधांतून दुसरा रिपब्लिकन पक्ष झाला. लिंकन स्वतः पूर्वीं व्हिगच होता.

हीं नांवें घराघरांत कशीं रुजलीं, याचें एक साधन मतपत्रिका होय. मॅसॅच्युसेट्सनें १८८८ सालीं सरकारी गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला. तत्पूर्वीं बहुतेक ठिकाणीं मतपत्रिका पक्षच छापीत व वांटीत. कागदाच्या रंगावरून ती पुष्कळदां दुरून ओळखूं येई. त्यामुळें बापाचें मत शेजाऱ्यास, मालकास व मुलासही उघड दिसे. धोरण समजण्यापूर्वीं मुलास पक्षाचें नांव कळे. पुढील संशोधनानेंही हेंच दाखविलें आहे. ग्रीनस्टीननें न्यू हेवन येथील मुलांविषयीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नऊ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांनीं आपला पक्ष सांगितल्याचें दिसतें. जेनिंग्स व नीमी यांच्या १९६५ च्या पाहणींत आईबाप व मुलें यांची एकवाक्यता निरनिराळ्या प्रश्नांवरील मतांपेक्षां पक्षाच्या नांवावर अधिक आढळली.

अशी वारशानें आलेली निष्ठा किती काळ टिकते, हें जॉर्जिया राज्यावरून कळतें. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर दक्षिणेंतील गोऱ्या मतदारांस लिंकनचा पक्ष शत्रूचा वाटला. जॉर्जियानें रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवारास प्रथम कौल दिला तो १९६४ सालीं, म्हणजे डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सननें नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली त्या वर्षीं. उलट कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या पक्षास धरून होते. ते १९३६ पासून बहुसंख्येनें रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले.

आपल्या शब्दशास्त्रांत यौगिक व रूढ असा भेद सांगितला आहे. ‘कुशल’ म्हणजे दर्भ तोडणारा हा अवयवार्थ कोणी मनांत आणीत नाहीं. पक्षनामांचेंही तसेंच होतें. रूढि पिढीगणिक नवी बनते. म्हणून संग्राहकांनीं सूचींत नुसतें ‘रिपब्लिकन पत्रक’ असें न लिहितां सन, राज्य व उमेदवार यांची नोंद करावी, आणि छापील मतपत्रिका क्षुल्लक चिठोरी समजून टाकूं नये. मताचा वारसा घरांत कसा उतरला, याची साक्ष त्या चिठोऱ्यांतूनच मिळते.