एमिट स्मिथ की बॅरी सँडर्स? (अमेरिकन फुटबॉलची ओळख : लेखांक सहावा)

मागील लेखांकात आपण पाहिले, की अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाच्या ताब्यात असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, आणि तेवढी मजल मारली की पुन्हा चार. ही मजल चेंडू हवेतून फेकून मारता येते, तशीच तो छातीशी कवटाळून, समोर उभ्या ठाकलेल्या अकरा धिप्पाड गड्यांमधून वाट काढीत पायीही मारता येते. आणि हे दुसरे, अधिक कष्टाचे व अधिक दुखापतींचे काम ज्याच्या पदरी पडलेले असते त्यास रनिंग बॅक म्हणतात. या पदावरील थोर पुरुषांची तुलना हा अमेरिकेतील क्रीडारसिकांचा पिढीजात छंद आहे, आणि त्यातही १९९० च्या दशकातील दोन खेळाडूंविषयीचा दावा आजतागायत निकाली निघालेला नाही. डॅलस काउबॉइज संघाचा एमिट स्मिथ हा एक पक्षकार, आणि डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स हा दुसरा.

प्रथम दप्तरातील नोंदी पाहू. १९९० ते २००४ अशा पंधरा हंगामांत स्मिथने ४,४०९ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि १८,३५५ यार्डांची कमाई केली. धावत जाऊन केलेले टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेणे, १६४. सँडर्सची कारकीर्द १९८९ ते १९९८ अशी दहाच हंगामांची. धावा ३,०६२, यार्ड १५,२६९, टचडाउन ९९. सरासरी काढली तर स्मिथच्या वाट्याला प्रत्येक धावेमागे ४.२ यार्ड येतात आणि सँडर्सच्या वाट्याला जवळजवळ ५. हंगामात सर्वाधिक यार्ड मिळविण्याचा मान दोघांनीही प्रत्येकी चार वेळा पटकाविला. म्हणजे राशी पाहणाऱ्याने स्मिथच्या बाजूने कौल द्यावा आणि दर पाहणाऱ्याने सँडर्सच्या, अशी सोय खुद्द आकड्यांनीच करून ठेवली आहे. आणि ज्याला जो आकडा हवा तो त्याने उचलावा, असेच गेली कित्येक वर्षे चालले आहे.

परंतु सँडर्सचे चाहते मुळात आकड्यांमुळे चाहते झालेले नाहीत. ज्याने त्याला धावताना पाहिले, त्याला कबड्डीतील एखादा निष्णात चढाईबहाद्दर आठवावा, इतकी त्याच्या हुलकावणीची जात आपल्या ओळखीची आहे : पाय एकीकडे, खांदा दुसरीकडे, आणि पकडणाऱ्याच्या हाती रिकामी हवा. जानेवारी १९९२ मध्ये बाद फेरीच्या सामन्यात याच डॅलस संघाविरुद्ध तो प्रतिपक्षाच्या गराड्यात असा काही गडप झाला की चाल संपली असे पाहणाऱ्यांनी गृहीत धरले. आणि दुसऱ्याच क्षणी तो त्या घोळक्यातून निसटून ४७ यार्डांची दौड करीत टचडाउनला पोहोचला. डेट्रॉइटने तो सामना ३८-६ असा जिंकला. टचडाउननंतर नाचणे, चेंडू आपटणे, प्रेक्षकांकडे पाहून छाती ठोकणे हे प्रकार त्याने केले नाहीत. तो शांतपणे चेंडू पंचाच्या हाती देई आणि आपल्या जागी परते. १९८९ च्या हंगामात अखेरच्या सामन्याच्या शेवटी अवघे अकरा यार्ड मिळविले असते तर पदार्पणातच अव्वल क्रमांक त्याचा होता. सामना जिंकल्यात जमा असल्यामुळे त्याने पुन्हा मैदानात उतरण्याचे नाकारले, आणि तो मान क्रिश्चन ओकोये याच्याकडे गेला. एवढी निःस्पृहता स्पर्धेच्या खेळात शोभते की नाही, याविषयी मला थोडी शंका आहे.

स्मिथचे धावणे डोळ्यांत भरणारे नव्हते. फट किंचित किलकिली होईपर्यंत अर्धा क्षण थांबावे, मग खाली वाकून त्यात घुसावे, अंगावर दोघे असताना आणखी दोन यार्ड ओढून न्यावेत, आणि उठून पुन्हा तेच करावे, अशी त्याची रीत होती. २ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यात, पूर्वार्धातच त्याचा खांदा निखळला असताना, तो एका हाताच्या आधाराने खेळत राहिला. बत्तीस धावांत १६८ यार्ड, त्याशिवाय दहा झेल आणि त्यांचे ६१ यार्ड, अशी त्या दिवसाची जमा आहे. जादा वेळेत डॅलसने तो सामना १६-१३ असा जिंकला आणि त्या महिन्याच्या अखेरीस सुपर बोल हा विजेतेपदाचा सामनाही. तशा तीन सुपर बोल विजयांचा तो वाटेकरी आहे. सँडर्सच्या नावे बाद फेरीतील विजय एकच, वर उल्लेखिलेला. आणि १९९४ च्या हंगामातील बाद फेरीत ग्रीन बेने तर त्याला तेरा धावांत उणे एक यार्डावर रोखले.

येथे सँडर्सचे वकील ठेवणीतील मुद्दा पुढे करतात : स्मिथपुढे वाट मोकळी करून देणारी फळी त्या काळातील सर्वोत्तम होती, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन आणि झेल घेणारा मायकेल अर्विन ही जोडी प्रतिपक्षाला विखुरलेले ठेवी, आणि अंगावरचा मार झेलून वाट करून द्यायला डॅरिल जॉन्स्टन होता, बिचाऱ्या सँडर्सला काय होते? मुद्दा खोटा नाही. १९९७ च्या हंगामातील पहिल्या दोन सामन्यांत सँडर्सला मिळून ५३ यार्ड मिळाले. त्यानंतर त्याच्यापुढे वाट काढून देण्यासाठी टॉमी वार्डेल या फुलबॅकचा नियमित उपयोग होऊ लागला, आणि उरलेल्या चौदाही सामन्यांत शंभराच्या वर मजल मारीत त्याने हंगामाची बेरीज २,०५३ वर नेली. तेव्हा आरंभापासून असा सोबती त्याला लाभता, तर काय झाले असते हा प्रश्न रास्तच आहे. मात्र डेट्रॉइटची फळी अगदीच टाकाऊ होती हे म्हणणे अतिशयोक्तीचे. लोमास ब्राउन आणि केव्हिन ग्लोव्हर हे तिच्यातील दोघे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी अनेकदा निवडले गेले होते.

उलट बाजूचा पुरावा मात्र मला अधिक वजनदार वाटतो. १९९३ च्या आरंभी वेतनाच्या तंट्यामुळे स्मिथने मैदानावर येण्याचे नाकारले. फळी तीच, एकमन तोच, अर्विन तोच, आदल्या वर्षीचे विजेतेपद गाठीशी. आणि डॅलसने पहिले दोन्ही सामने गमावले. संघमालकाने करारावर सही केली, स्मिथ परतला, आणि पुढील चौदांपैकी बारा सामने जिंकून त्या संघाने विजेतेपद राखले. फळीच सारे काही करीत होती, असे म्हणणाऱ्याने या दोन पराभवांचा खुलासा द्यावा.

शिवाय सरासरी ही फसवी साक्षीदार आहे. एका धावेत चाळीस यार्ड आणि पुढील सहा धावांत उणे-अधिक शून्य, असा हिशेब सरासरीला शोभतो. पण चार संधींत दहा यार्ड भरावे लागणाऱ्या खेळात त्या सहा निष्फळ धावा क्वार्टरबॅकच्या गळ्यात पडतात. सँडर्स मोठी झेप घेण्यासाठी मागे हटत असे, आणि पुष्कळदा मागेच पकडला जाई. स्मिथ क्वचितच मागे पकडला गेला. एकमनवर चालून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन थोपविण्याचे काम, ज्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, तेही तो चोख करी.

जुलै १९९९ मध्ये, सरावशिबिर तोंडावर आले असताना, सँडर्सने आपल्या गावच्या, विचिटाच्या वृत्तपत्राकडे फॅक्सने निवेदन पाठवून निवृत्ती जाहीर केली. वॉल्टर पेटनचा कारकीर्दीतील १६,७२६ यार्डांचा सर्वोच्च विक्रम तेव्हा सँडर्सपासून १,४५७ यार्डांवर होता, आणि वय होते एकतीस. हरत राहणाऱ्या संघाचा त्याला वीट आला होता, असे त्याने पुढे सांगितले. त्याच्या या निर्णयाचा आदर करावा. पण जो विक्रम त्याने सोडून दिला तो त्याच्या खाती जमा धरा, हा त्याच्या पक्षाचा अर्ज मला मंजूर करता येत नाही. गमतीची गोष्ट अशी, की खुद्द सँडर्सचे वडील सर्वश्रेष्ठ म्हणून जाहीरपणे नाव घेत ते जिम ब्राउन या जुन्या पिढीतील रनिंग बॅकचे.

माझा निवाडा असा : तिकीट काढून ज्याला पाहायला जावे तो सँडर्स, आणि संघ उभारताना ज्याला आधी मागून घ्यावे तो स्मिथ, आणि रनिंग बॅक हे संघातील पद असल्यामुळे श्रेष्ठत्व मी स्मिथला देतो. पेटनचा विक्रम त्याने २७ ऑक्टोबर २००२ रोजी सिएटलविरुद्ध मोडला, आणि त्यानंतर सर्वाधिक यार्डांच्या यादीतील पहिले नाव बदललेले नाही.